सर्दीला घेऊ नका, कंपवाताला सोडू नका

शेतकरी बंधूंनो, कपाशीवर कोणते औषध फवारायचे, एका पंपाला किती मिली टाकायचे, फवारल्यावर किती दिवस माल तोडायचा नाही, हे तुम्ही कृषी केंद्रवाल्याला खोदून खोदून विचारता. वाऱ्याची दिशा बघता, ढग बघता. दोन औषधे एकत्र करायची झाली तर आधी बाटलीत थोडे मिसळून पाहता. पिकाच्या बाबतीत एवढी काळजी घेणारा माणूस स्वतःच्या पोटात जाणाऱ्या गोळीच्या बाबतीत मात्र कमालीचा बेफिकीर असतो. मेडिकलच्या कट्ट्यावर उभे राहायचे, "सर्दी झालीय, अंग मोडून आलंय, दे काहीतरी" म्हणायचे, आणि जे हातात पडेल ते चहाच्या घोटाबरोबर गिळायचे. घरातल्या म्हाताऱ्याचे औषध संपले तर "पुढच्या बाजाराला आणू की" म्हणून आठ दिवस पुढे ढकलायचे. या दोन्ही सवयी किती महागात पडू शकतात, ते एकाच औषधाच्या उदाहरणाने आज सांगायचे आहे.

या औषधाचे नाव अमँटाडीन. नाव परके वाटेल, पण औषध परके नाही. ज्या घरात कंपवाताचा, म्हणजे पार्किन्सनचा रुग्ण आहे, त्या घरात याची शंभर मिलिग्रॅमची गोळी किंवा कॅप्सूल असण्याचा संभव असतो. आणि ज्या घरात असा रुग्ण नाही, त्या घरातही हे औषध नकळत येऊ शकते, कारण सर्दी-तापाच्या काही मिश्र गोळ्यांत पॅरासिटामॉलच्या जोडीला हेच औषध घातलेले आपल्या बाजारात मिळत आले आहे. पाकिटाच्या मागे बारीक अक्षरांत घटकांची यादी असते. ती आपण वाचत नाही एवढेच.

माझे म्हणणे सरळ आहे. या औषधाची दोन कामे होती. फ्लूचे काम आता संपले आहे, कंपवाताचे काम चालू आहे. आपण मात्र नेमके उलटे वागतो. जिथे उपयोग नाही तिथे सहज घेतो, आणि जिथे गरज आहे तिथे सहज सोडतो.

एका औषधाची दोन कामे

हे औषध आधी फ्लूसाठीच निघाले. अमेरिकेत १९६६ साली त्याला मंजुरी मिळाली ती त्या काळी फैलावलेल्या आशियाई फ्लूला आळा घालण्यासाठी. फ्लूचा 'ए' जातीचा विषाणू माणसाच्या पेशीत शिरला की त्याला आपले कवच उघडावे लागते. त्यासाठी त्याच्या अंगावर एक बारीक वाट असते. ती वाट हे औषध बुजवून टाकत असे. 'बी' जातीच्या फ्लूवर मात्र ते पहिल्या दिवसापासून निरुपयोगी होते, आणि साध्या सर्दी-पडशावर तर त्याचा काही संबंधच नव्हता.

कंपवाताचा उपयोग कळला तो योगायोगाने. १९६८ साली अमेरिकेतल्या बोस्टन शहरात ५८ वर्षांच्या एका बाईने आपल्या डॉक्टरांना सांगितले की, फ्लू होऊ नये म्हणून मी हे औषध दिवसातून दोनदा घेत होते, तेव्हा माझ्या अंगाचा ताठरपणा आणि हातांची थरथर फार कमी झाली होती. सहा आठवड्यांनी औषध बंद केले आणि सगळे पुन्हा पहिल्यासारखे झाले. डॉ. रॉबर्ट श्वाब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही गोष्ट हसण्यावारी नेली नाही. इतर रुग्णांना औषध देऊन पाहिले आणि १९६९ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका साध्या बाईने आपल्या शरीरात काय घडले ते नीट सांगितले आणि डॉक्टरांनी ते कान देऊन ऐकले, म्हणून जगभरच्या कंपवातग्रस्तांना एक औषध मिळाले. 'डॉक्टरला काय सांगायचं, त्यांना कळतंच की' असे म्हणणाऱ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी.

विषाणू बदलला, औषध तेच राहिले

आता फ्लूचे काम का संपले ते पाहू. हे समजायला शेतकऱ्याला वेगळी शाळा नको. बीटी कपाशी २००२ साली आपल्या देशात आली, तेव्हा बोंडअळी मरत होती. पुढे काय झाले ते तुम्हांला ठाऊक आहे. २०१७ च्या हंगामात विदर्भात आणि मराठवाड्यात गुलाबी बोंडअळीने बोंडे आतून पोखरून काढली. बियाणे तेच होते, अळी बदलली होती. एकच मारा वर्षानुवर्षे होत राहिला की त्यातून जी वाचते तिचीच पिलावळ वाढते.

फ्लूच्या विषाणूचे हेच झाले. त्याच्या अंगावरच्या त्या बारीक वाटेत फरक पडला आणि अमँटाडीनला तिथे बसायला जागाच उरली नाही. २००५-०६ च्या हिवाळ्यात अमेरिकेच्या रोग नियंत्रण केंद्राने 'ए' फ्लूच्या एका प्रमुख प्रकाराचे १२० नमुने तपासले, तर त्यांतले १०९ नमुने या औषधाला दाद देईनासे झालेले निघाले. म्हणजे दहातले नऊ. जानेवारी २००६ मध्येच त्या केंद्राने डॉक्टरांना फ्लूसाठी हे औषध वापरू नका असे कळवले. पुढे २००९ साली स्वाइन फ्लूची साथ जगभर आली. त्या वर्षी ऑगस्टमध्ये देशातला पहिला बळी आपल्या पुण्यात गेला आणि सगळ्या महाराष्ट्राच्या तोंडाला रुमाल बांधले गेले. तो विषाणूही अमँटाडीनला जुमानणारा नव्हता. तेव्हा वापरले गेले ते ओसेल्टामिव्हिर, वेगळ्या जातीचे औषध, आणि तेही सरकारी दवाखान्याच्या देखरेखीखाली.

तेव्हा मंडळी, आज ज्या सर्दीच्या गोळीत अमँटाडीन आहे, ती घेऊन बरे वाटलेच तर ते त्यातल्या पॅरासिटामॉलमुळे आणि नाक सुकवणाऱ्या औषधामुळे वाटते. बाकी साधी सर्दी चार-सहा दिवसांत आपोआप जाते. मधल्यामधे अमँटाडीनचे त्रास तेवढे पदरात पडतात. आणि खरा फ्लू असेल, म्हणजे एकदम जोराचा ताप, अंग ठणकणे, कोरडा खोकला, गळून जाणे असे असेल, तर गोळ्या बदलत घरी बसू नये. धाप लागली, छातीत दुखू लागले, माणूस गुंगीत जाऊ लागला, ओठ निळसर दिसू लागले, लेकरू खाईना-पिईना झाले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा. गरोदर बाई, साठीपुढची माणसे, दमा, मधुमेह आणि हृदयविकाराचे रुग्ण यांनी तर तेवढीही वाट पाहू नये, फ्लूची शंका येताच जावे. ओसेल्टामिव्हिर पहिल्या ४८ तासांत सुरू झाले तर त्याचा गुण अधिक येतो. हे दोन दिवस आपण मेडिकलच्या कट्ट्यावर घालवतो, हे दुर्दैव आहे.

कोंबड्यांच्या शेडमध्ये तर नकोच

कुक्कुटपालन करणाऱ्या बंधूंसाठी चार शब्द वेगळे. फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला. देशातला तो पहिलाच उद्रेक. लाखो कोंबड्या माराव्या लागल्या आणि राज्यभर कोंबडीचा भाव मातीमोल झाला. अशा वेळी 'माणसाचं फ्लूचं औषध पाण्यातून पाजून बघू का' असा विचार एखाद्याच्या मनात आल्यावाचून राहत नाही. चीनमध्ये कोंबड्यांना अमँटाडीन दिले जात असल्याच्या बातम्या २००५ साली जगभर गाजल्या होत्या. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने आणि तिच्या जोडीच्या अन्न व पशुआरोग्य संघटनांनी, माणसांची ही औषधे पक्ष्यांना देऊ नका असे सगळ्या देशांना बजावले. २००६ साली अमेरिकेने कोंबड्या, टर्की आणि बदके यांना ही औषधे देण्यावर सरळ बंदी घातली.

कारण तेच, बोंडअळीचे. हजार कोंबड्यांच्या शेडमध्ये असे औषध पाजणे म्हणजे विषाणूला शाळेत घालून शिकवणे. शिवाय कोंबड्या वरवर बऱ्या दिसल्या तरी रोग दबून राहतो आणि गावभर पसरतो. शेडमध्ये अचानक मर सुरू झाली तर ती लपवू नका, मेलेल्या कोंबड्या ओढ्यात टाकू नका, पशुवैद्यकीय दवाखान्याला कळवा. उशीर झाला तर नुकसान एका शेडवर थांबत नाही.

कंपवात म्हणजे नुसते म्हातारपण नव्हे

आता दुसऱ्या बाजूकडे वळू. कंपवाताचे माणूस गावात ओळखू येते. एक हात स्वस्थ बसला असतानाही थरथरतो, चाल बारीक पावलांची होते, चेहरा निर्विकार दिसतो, अक्षर लहान होत जाते, सदऱ्याचे बटण लावायला पाच मिनिटे लागतात. आपण म्हणतो, "वय झालं." अहो, वय सगळ्यांचेच होते. हा मेंदूचा आजार आहे. हालचालींना वंगण घालणारे डोपामाइन नावाचे द्रव्य मेंदूत कमी पडते, म्हणून हे होते. १८१७ साली लंडनच्या डॉ. जेम्स पार्किन्सन यांनी त्याचे नीट वर्णन केले, म्हणून त्यांचे नाव त्याला मिळाले. आजार मुळासकट जात नाही, पण औषधाने माणूस आपल्या हाताने जेवू शकतो, अंगणात फिरू शकतो, नातवाला शाळेत सोडू शकतो.

या आजाराचे मुख्य औषध लेव्होडोपा. अमँटाडीन कधी एकटे, कधी त्याच्या जोडीने देतात. लेव्होडोपा बरीच वर्षे घेतल्यावर काही रुग्णांचे हातपाय आपोआप वळवळू लागतात, ते कमी करायलाही अमँटाडीन कामी येते. मानसिक आजाराच्या काही गोळ्यांमुळे अंग ताठर होते किंवा थरथर सुटते, तेव्हाही डॉक्टर ते देतात. थोडक्यात, इथे औषधाला खरे काम आहे. म्हणूनच ते घेण्याची रीत पक्की असावी लागते.

सोडायचे तर पायरी पायरीने

पहिला नियम असा की, हे औषध एकदम बंद करायचे नाही. पाटाचे पाणी एकदम तोडले तर उभे पीक सुकते, तसे शरीराचे होते. अंग लाकडासारखे ताठ होऊ शकते, गिळता येईनासे होते, जोराचा ताप भरतो, माणूस बरळू लागतो, कधी बेशुद्धीत जातो. असे क्वचित घडते, पण घडले तर जिवावर बेतते. कंपवाताच्या माणसाचे औषध थांबले असेल आणि ताप, ताठरपणा, गोंधळ ही तीन लक्षणे एकत्र दिसली, तर मलेरिया असेल, लू लागली असेल असे तर्क करीत बसू नका. १०८ ला फोन करा, आणि कोणते औषध कधीपासून बंद आहे ते डॉक्टरांना सगळ्यांत आधी सांगा.

औषध खंडित होते ते कुठे? पावसाळ्यात पूल पाण्याखाली जातो तेव्हा. आषाढीला म्हातारी वारीत निघते आणि गोळ्यांची पिशवी घरी खुंटीला राहते तेव्हा. मुलगा ऊसतोडीला गेला आणि आणणारा कोणी उरला नाही तेव्हा. दुसऱ्याच दुखण्यासाठी रुग्णालयात भरती झाल्यावर जुन्या गोळ्यांचा विसर पडतो तेव्हा. आणि "आता बरं वाटतंय, कशाला पैसे घालवायचे" असे म्हातारा स्वतःच ठरवतो तेव्हा. या पाचही गोष्टी आधी ठाऊक असतात, म्हणून त्यांचा बंदोबस्तही आधी करता येतो. घरात पंधरा दिवसांचा साठा नेहमी हवा. वारीला, लग्नाला, लेकीकडे जाताना गोळ्या आणि चिठ्ठी दोन्ही बरोबर हवी. एखादी गोळी घ्यायची राहिली तर पुढच्या वेळी दोन घेऊन हिशेब पुरा करायचा नाही, नेहमीची एकच घ्यायची. आणि औषध खरेच बंद करायचे असेल तर डॉक्टर ते हळूहळू कमी करून देतात, त्यांच्या सांगण्याप्रमाणेच करायचे.

मूत्रपिंडाचा हिशेब

दुसरा नियम मात्रेचा. हे औषध शरीरात फारसे विरघळून संपत नाही, ते जवळपास जसेच्या तसे लघवीवाटे बाहेर पडते. मूत्रपिंड मंदावले असेल तर औषध अंगात साठत जाते, मग नेहमीचीच मात्रा जास्त होते. वय वाढले की मूत्रपिंड मंदावतेच. त्यात जुना मधुमेह, रक्तदाब, आणि गुडघ्यासाठी रोज घेतलेल्या वेदनाशामक गोळ्या यांनी ते आणखी खराब झालेले असते. म्हणून औषध सुरू करण्याआधी आणि नंतरही अधूनमधून रक्तातील क्रिएटिनिनची तपासणी करून घ्यावी. जुलाब-उलट्या झाल्या, उन्हाळ्यात पाणी कमी पडले, लघवी कमी झाली, तर डॉक्टरांना लगेच विचारावे. शेजारच्या गावच्या पाहुण्याला दिवसातून दोन गोळ्या सांगितल्या म्हणून आपल्या म्हाताऱ्यालाही दोनच द्याव्यात, हा हिशेब इथे चालत नाही.

आणखी एक गोष्ट पुष्कळांना ठाऊक नसते. पोटात जळजळले की खाण्याचा सोडा पाण्यात घालून पिण्याची सवय अनेक घरांत आहे. रोज सोडा घेतल्याने लघवीचा आम्लपणा जातो आणि मग अमँटाडीन बाहेर पडायचे मंदावते. लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनीही त्याचे प्रमाण अंगात वाढते. सोडा साधा खरा, पण इथे तो आड येतो.

कंपवातावर खाजकुइलीच्या बियांची, म्हणजे कवचबीजाची पूड देण्याचीही पद्धत आहे. ती थोतांड आहे असे मी म्हणणार नाही, कारण त्या बियांत लेव्होडोपाच असतो. पण म्हणूनच धोका आहे. डॉक्टरांच्या गोळीतून लेव्होडोपा जातो आणि वैद्याच्या पुडीतूनही जातो, दोघांना एकमेकांचा पत्ता नसतो. दोघांनाही दोन्ही सांगा.

आणि कंपवाताच्या माणसाला सर्दी झाली तर? मेडिकलमधून मिश्र गोळी आणली आणि तिच्यातही अमँटाडीन निघाले तर डबल मात्रा झाली. नसले तरी झोप आणणारी सर्दीची गोळी, पोटातल्या मुरड्याची गोळी आणि कंपवाताचीच ट्रायहेक्सिफेनिडिल ही गोळी, यांची अमँटाडीनशी गाठ पडली की तोंड कोरडे पडणे, बद्धकोष्ठ, लघवी अडणे, डोक्यात गोंधळ हे सगळे वाढते. उलटीसाठी मेटोक्लोप्रामाइडचे इंजेक्शन घेतले तर मूळ कंपवातच बळावतो. तेव्हा गावातल्या डॉक्टरकडे गेल्यावर पहिले वाक्य 'याला कंपवात आहे आणि ही औषधे चालू आहेत' हेच असावे. काचबिंदू, फेफरे, हृदय कमजोर असणे, मूत्रपिंडाचा विकार, पूर्वीचा मानसिक आजार, गरोदरपण किंवा अंगावर पाजणे यांतले काही असेल तर तेही औषध सुरू होण्याआधीच सांगावे.

भास झाला म्हणजे बाहेरचे नव्हे

या औषधाने काही जणांना भास होतात. कोपऱ्यात कोणी बसले आहे, उंबऱ्यावर कुत्रे उभे आहे, गेलेला भाऊ हाक मारतो आहे, असे वाटते. घरात लगेच कुजबुज सुरू होते, "बाहेरचं दिसतंय." मग लिंबू, अंगारा, देवऋषी. तिकडे उतारे टाकण्यात दिवस जातात आणि इकडे गोळी चालूच असते, नाहीतर देवऋषीच्या सांगण्यावरून एका दिवसात बंद होते, आणि ते तर त्याहून वाईट. जादूटोण्याच्या विरोधात आपल्या राज्यात २०१३ साली कायदा झाला, पण आधी घरातला माणूस सावध हवा. म्हाताऱ्या माणसाला नव्याने भास होऊ लागले तर पहिला प्रश्न असा विचारावा, अलीकडे कोणती गोळी सुरू झाली, कोणती वाढली? मात्रा कमी करून पुष्कळदा हे थांबते. ते काम डॉक्टरांचे.

इतर खुणाही ओळखून ठेवा. उठताना घेरी येते, म्हणून खाटेवरून एकदम उठू नये, कडेला बसून, पाय खाली सोडून, मग उभे राहावे. मांडीचे हाड मोडले की म्हातारे माणूस अंथरुणाला खिळते, आणि ते बहुधा असेच पडून मोडते. घोट्यांना सूज येते. पायावर जांभळट जाळी उमटते, ती खरूज नव्हे, तिला मलम नको, डॉक्टरांना दाखवा. झोप उडते, म्हणून दोन वेळा सांगितले असेल तर दुसरी गोळी रात्री न घेता दुपारी घेता येईल का, हे डॉक्टरांना विचारून घ्या. औषध सुरू असताना घेरी किंवा गुंगी येत असेल तर ट्रॅक्टर, मोटारसायकल, कडबाकुट्टी यांच्यापासून लांब राहावे, विहिरीच्या काठावर एकट्याने जाऊ नये. दारू तर नकोच, तिने गुंगी आणि तोल जाणे दोन्ही वाढते.

एक खूण अशी आहे की जिची लाज वाटते, म्हणून ती लपवली जाते. कंपवाताच्या या जातीच्या औषधांनी काही माणसांना जुगाराचा, खरेदीचा, खाण्याचा किंवा कामवासनेचा अनावर ओढा लागतो. जन्मभर पत्त्याला हात न लावलेला माणूस साठीत मटक्याच्या मागे लागला तर घरच्यांनी शिव्या घालण्याआधी त्याच्या गोळ्या तपासून घ्याव्यात. तसेच मन फार उदास होणे, जीव नकोसा वाटणे हेही या औषधाने होऊ शकते. आपल्या घरात कीटकनाशकाचा डबा हाताशी असतो, हे विसरू नका. असे बोलणे कानावर आले तर माणसाला एकटे सोडू नका, त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या. कीटकनाशके कुलपात ठेवा आणि गोळ्याही ठेवा. हे औषध एकदम जास्त पोटात गेले तर हृदयाची लय बिघडून जीव जातो, लेकरांचा तर फारच लवकर.

गावकारभाऱ्यांना विनंती

सरपंच, ग्रामपंचायत अधिकारी म्हणजे आपले भाऊसाहेब, पोलीस पाटील आणि आशाताई, यांना हा सगळा पाढा वाचून दाखवला तो उगीच नाही. हे औषध 'अनुसूची एच' मधले आहे. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय ते किरकोळ विकायचे नाही असा नियम आहे. नियम कागदावर आहे, कट्ट्यावर दिसत नाही. दुकानदाराशी भांडण करा असे माझे म्हणणे नाही. गिऱ्हाईक बिनचिठ्ठीचे मागते म्हणून तो देतो. गिऱ्हाइकाने मागणे सोडले तर निम्मे काम होते. जमिनीचा व्यवहार सातबारा पाहिल्याशिवाय आपण करत नाही, मग चिठ्ठी पाहिल्याशिवाय गोळीचा व्यवहार का करावा?

गावाने करण्यासारखी कामे थोडी आणि बिनखर्चाची आहेत. ज्यांचे औषध एक दिवसही बंद पडता कामा नये अशा रुग्णांची यादी आशाताईंनी उपकेंद्रात ठेवावी. कंपवात, फेफरे, मधुमेहाचे इन्सुलिन, हृदयविकार, हे सगळे त्यात यावेत. यादी चारचौघांत वाचायची नाही, ती ज्यांच्या कामाची त्यांनाच माहीत असावी. पावसाळा लागण्याआधी या घरांत साठा आहे का, ते एकदा विचारून यावे. पूर आला, रस्ता तुटला, तर रेशनबरोबर या औषधांचाही निरोप तालुक्याला जावा. वारीच्या दिंडीप्रमुखाने निघताना म्हाताऱ्या माणसांना 'गोळ्या घेतल्या का' एवढे विचारावे. आणि ग्रामसभेत एकदा प्राथमिक आरोग्य केंद्राच्या डॉक्टरांना बोलावून, पाकिटावरची घटकांची यादी कशी वाचायची ते समजावून घ्यावे. मराठीत छापलेली नसते ही अडचण खरी, पण शाळेतली पोरे ती वाचून दाखवू शकतात.

घरच्यांसाठी तर एकच काम आहे. एका वहीच्या पानावर रुग्णाचे नाव, आजार, चालू असलेली सगळी औषधे, मात्रा, वेळ आणि डॉक्टरांचे नाव लिहा. त्यात वैद्याची पुडी आणि सोडाही लिहा. पान प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून गोळ्यांबरोबर ठेवा. कुठल्याही दवाखान्यात गेलात की आधी ते पान पुढे करा. बँकेचे पासबुक आपण जिवापाड जपतो, हे पान त्याहून मोलाचे आहे.

औषध चांगले की वाईट हा प्रश्नच चुकीचा आहे. युरिया चांगला की वाईट, असे कोणी विचारले तर तुम्ही म्हणाल, कोणत्या पिकाला, किती, आणि केव्हा, ते आधी सांग. गोळीलाही हेच तीन प्रश्न विचारा. अमँटाडीनचे उत्तर तरी स्पष्ट आहे. सर्दीला नको, कोंबडीला नको, कंपवाताला डॉक्टर सांगतील तेवढे आणि ते सांगतील तोवर. आज संध्याकाळी घरातला औषधांचा डबा खाली काढा, प्रत्येक पाकीट उलटून बघा, आणि जे ओळखू येत नाही ते उद्या आरोग्य केंद्रात दाखवून या.